थ्रेड : मुरूम हा रोग की सौंदर्याचा प्रश्न? तारुण्यपिटिकांचा वऱ्हाडी इतिहास

१/
दर्यापूर तालुका पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचे पाणी खारट, त्यात साबणाला फेस येत नाही. अशा मुलखात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या गालावर मुरूम उठले की घरातला पहिला निष्कर्ष ठरलेला असतो : पाणी बाधले. दुसरा निष्कर्ष तेलकट खाण्याचा आणि तिसरा ‘रक्त खराब’ असल्याचा. चौथा निष्कर्ष असा की हे वयच तसे आहे, आपोआप जाईल.

या चारही उत्तरांना मोठा इतिहास आहे. हा थ्रेड त्याच इतिहासाचा आहे.

२/
आधी शब्द पाहू. रस्त्यावर टाकतात तोही मुरूम आणि गालावर उठतो तोही मुरूम. बोलीत पुळी, पुटकुळी, फोड हे शब्द चालतात. ग्रांथिक मराठीत ‘तारुण्यपिटिका’ म्हणतात. हा शब्द रोगाच्या रूपाकडे न पाहता वयाकडे बोट दाखवतो.

युरोपीय भाषांतही असेच झालेले दिसते. ‘अॅक्ने’ हा शब्द ग्रीक ‘आक्मे’, म्हणजे शिखर किंवा ऐन भर, या शब्दापासून आला आणि नक्कल करणाऱ्यांच्या चुकीने त्याचे रूप बदलले, असे अनेक अभ्यासक मानतात. दोन दूरच्या परंपरांनी एकच गोष्ट टिपली : हा आजार तारुण्याच्या भरात येतो.

३/
भारतीय वैद्यकातील जुनी नोंद सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, ‘क्षुद्ररोग’ या प्रकरणात आढळते. नाव आहे मुखदूषिका, म्हणजे मुख बिघडवणारी. कफ, वात आणि रक्त यांच्या बिघाडाने तरुणांच्या तोंडावर शाल्मलीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या येतात, असे तेथील वर्णनाचे सार आहे.

शाल्मली म्हणजे काटेसावर. फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेली काटेसावर वऱ्हाडात कोणी पाहिली नाही असे नाही. तिच्या कोवळ्या खोडावरचे शंकूच्या आकाराचे, बुडाशी जाड आणि टोकाला अणकुचीदार काटे आठवले की उपमा किती नेमकी आहे ते कळते.

४/
‘क्षुद्ररोग’ या वर्गाच्या नावाकडेही लक्ष द्यावे. क्षुद्र म्हणजे लहान, किरकोळ. जीव घेणाऱ्या ज्वरांपुढे आणि अतिसारांपुढे तोंडावरची पुटकुळी किरकोळच होती. तरीही तिला रोगांच्या यादीत स्थान मिळाले आणि उपचारही सांगितले गेले. वमन आणि लेप हे त्यांतील मुख्य. लेपासाठी वेखंड, लोध्र, सैंधव, मोहरी, धने अशी द्रव्ये येतात. मध्ययुगातील शार्ङ्गधरसंहितेतही लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप तारुण्यपिटिकांवर सांगितला आहे.

म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने मुरूम हा रोग होता, पण लहान रोग. ही अर्धवट प्रतिष्ठा पुढे दोन हजार वर्षे टिकली.

५/
घरगुती उपचार मात्र शेतीवर अवलंबून होते. खारपाणपट्ट्यातील काळी जमीन पावसाचे पाणी धरून ठेवते. त्या ओलीवर येथे कोरडवाहू हरभरा होतो. जेथे साबणाला फेस येत नाही, तेथे डाळीचे पीठ, म्हणजे बेसन, तोंडावरचा तेलकटपणा काढण्यास सोयीचे होते. त्याला हळद आणि कडुनिंबाची जोड मिळाली.

खारे किंवा जड पाणी त्वचा कोरडी करते, तिला चुरचुर आणते. पण मुरूम जन्माला घालणारे कारण ते नव्हे. ते कारण कातडीच्या आत आहे.

६/
वयात येताना शरीरात पुरुषसंप्रेरकांचे प्रमाण वाढते, मुलांमध्ये अधिक आणि मुलींमध्ये कमी. त्यामुळे त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल स्रवतात. केसाच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म नळीचे तोंड मृत पेशींनी बुजते, तेल आत साठते, तेथे नेहमीच राहणारे जिवाणू वाढतात आणि दाह सुरू होतो. दाह वरवरचा राहिला तर पुळी खूण न ठेवता जाते. तो खोल गेला तर त्वचेचा आतील आधार तुटतो आणि खड्डा पडतो.

हे सारे ‘घाण’ साचल्यामुळे होत नाही. म्हणूनच तोंड दहा वेळा धुऊनही मुरूम जात नाहीत.

७/
आता इतिहासाचा खरा प्रश्न. हा आजार इतका जुना, इतका सार्वत्रिक. मग जुन्या मराठी समाजजीवनाच्या चित्रांत मुरुमांच्या डागांची चिंता एवढी विरळ का?

याची दोन कारणे संभवतात. एक लग्नाचे वय आणि दुसरे देवी.

८/
आधी लग्न. एकोणिसाव्या शतकात मुलीचे लग्न बहुधा वयात येण्यापूर्वीच होत असे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयाची मर्यादा १० वरून १२ वर नेली, तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ उठला हे प्रसिद्ध आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. १९४९ मध्ये मुलीचे वय १५ झाले. १९७८ च्या दुरुस्तीने ते मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ झाले.

९/
याचा मुरुमांशी संबंध काय? आठ-दहा वर्षांची मुलगी ‘दाखवली’ जाई, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तारुण्यपिटिका येण्याचे वयच झालेले नसे. मुरूम आले तर ते सासरी, लग्नानंतर. त्यांच्यावरून सोयरीक मोडण्याचा प्रश्न उद्भवत नसे.

लग्नाचे वय जसजसे वर सरकले, तसतसा ‘पाहण्याचा कार्यक्रम’ मुरुमांच्या वयानंतर येऊ लागला. मुलीला शिक्षणाची आणि मोठे होण्याची सवड देणाऱ्या ज्या सुधारणेचा अभिमान बाळगावा, तिच्याच मागोमाग गालावरचा वण सोयरिकीच्या तराजूत आला. यात दोष सुधारणेचा नाही. दोष तराजूचा आहे.

१०/
दुसरे कारण देवी. मराठीत या रोगाचे नावच देवी. रोग अंगात ‘येतो’ तो देवीचा संचार म्हणून आणि वाचलेल्याच्या तोंडावर उरतात ते ‘देवीचे वण’. श्रावणातील शीतला सप्तमीचे व्रत याच भयाशी जोडलेले होते.

देवीने जे मरत त्यांची गणतीच नसे. जे वाचत त्यांतल्या कित्येकांच्या नाक-गालांवर जन्मभराचे खड्डे राहत, काहींचे डोळे जात. अशा गावात चार पुटकुळ्यांच्या खुणांकडे कोण पाहणार? मोठ्या व्रणाच्या सावलीत लहान व्रण दिसत नव्हता.

११/
या दोन व्रणांत एक शारीरिक नातेही आहे. देवीचे खड्डे चेहऱ्यावरच जास्त का पडत? कारण चेहऱ्यावर तैलग्रंथी दाट असतात आणि देवीचा विषाणू त्या ग्रंथींचा नाश करी. मुरूमही तैलग्रंथींच्याच परिसरात जन्मतात. म्हणजे दोन्ही रोगांची रणभूमी एकच. एकाने समाजाला शतकानुशतके भेडसावले, दुसरा त्याच जागी गुपचूप आपले काम करीत राहिला.

१२/
१४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात यशस्वीपणे लस घेतलेली ती पहिली व्यक्ती. पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ ‘देवी टोचणारे’ गावोगाव हिंडले. वऱ्हाडातही आज साठीच्या पुढे असलेल्या पुष्कळांच्या दंडावर त्या टोचणीची गोल खूण दिसते. तोंडावरची खूण टळावी म्हणून दंडावर घेतलेली ती खूण.

मे १९७५ मध्ये आसामात देशातील शेवटचा रुग्ण आढळला. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचे अधिकृतपणे मान्य झाले आणि १९८० मध्ये सारे जग.

१३/
१९७५ हे वर्ष येथे थांबून पाहण्यासारखे आहे. ज्या वर्षी देवी गेली, त्याच वर्षी भारताच्या बाजारात दोन मलमे आली : फेअर अँड लव्हली आणि विको टर्मरिक. हा योगायोग आहे, कार्यकारणभाव नव्हे. पण तो बोलका आहे. चेहरा जिवंत राहील की नाही ही चिंता संपली आणि चेहरा कसा दिसेल ही चिंता विक्रीस निघाली.

१४/
बाजार त्याआधीही होता. १९१९ च्या सुमारास मुंबईत पाटणवाला यांचा अफगाण स्नो निघाला आणि ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठीत रुळला. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मूर्तिजापूरहून दर्यापूरमार्गे अचलपूरला जाणारी नॅरो गेज गाडी, लोकांची ‘शकुंतला’, कापूस बाहेर नेई आणि बाजारातला माल आत आणी.

पुढे नभोवाणी आली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. विदर्भाचे कान जाहिरातीसाठी देशात सर्वांत आधी उघडले गेलेल्यांपैकी आहेत.

१५/
विकोचे संस्थापक केशव विष्णू पेंढरकर. १९५२ मध्ये त्यांनी दंतमंजनापासून आरंभ केला. हळदीच्या मलमाची जाहिरात मुरुमांचे नाव घेऊन केली गेली. हे मलम कॉस्मेटिक नाही, असेही तिच्या गीतात ठासून सांगितलेले होते.

जाहिरातीत कायदेशीर वाटावे असे वाक्य का घालावे लागले? कारण प्रश्न कराचा होता. सौंदर्यप्रसाधनांवर उत्पादन शुल्क जबर होते, आयुर्वेदिक औषधांना सवलत होती. १९७८ मध्ये उत्पादन शुल्क विभागाने पवित्रा घेतला की हे मलम औषध नसून प्रसाधन आहे.

१६/
वाद अनेक वर्षे चालला. १९८० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने उत्पादकाच्या बाजूने कौल दिला. १९८५ मध्ये नवा शुल्क कायदा आला आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. अखेर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आयुर्वेदिक औषधच असल्याचे मान्य केले. त्या खटल्यातील दुसरा पक्ष होता नागपूरच्या केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्तांचा.

१९६४ च्या दुरुस्तीने औषधे व प्रसाधने कायद्यात आयुर्वेदिक औषधांची व्याख्या आली. तीत प्रमाणग्रंथांची यादी जोडलेली आहे आणि सुश्रुत व शार्ङ्गधर त्या यादीत आहेत. काटेसावरीची उपमा देणारा ग्रंथ विसाव्या शतकात करनिर्धारणाचा आधार झाला.

१७/
सर्वांनाच असे यश आले नाही. १९९५ मध्ये बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाचे प्रकरण, तेही नागपूरच्याच शुल्क कार्यालयाशी झालेले, उलट गेले. कसोटी अशी लावली गेली की घटक ग्रंथांत असणे पुरेसे नाही, सामान्य माणूस त्या वस्तूला औषध समजतो का ते पाहावे. रोज सकाळी दात घासणारा माणूस मंजनाला औषध समजत नाही.

१८/
२००६ मध्ये पुन्हा नागपूर. प्यूमा आयुर्वेदिक हर्बल या कंपनीच्या वादग्रस्त उत्पादनांत मुरुमांवरील चूर्णही होते. सर्वोच्च न्यायालयाच्या विवेचनाचा आशय असा : प्रसाधन रूप खुलवण्यासाठी असते, औषध एखादी व्याधी दूर करण्यासाठी. व्याधी बरी झाल्यावर रूपही सुधारेल, पण म्हणून औषधाचे प्रसाधन होत नाही. मुख्य उपयोग कोणता ते पाहावे.

करासाठी मांडलेले हे तर्कशास्त्र मुरूम आलेल्या कोणत्याही मुलाच्या बाजूने वापरता येईल. चांगले दिसावे असे वाटणे आणि उपचाराची गरज असणे यांत विरोध नाही.

१९/
दरम्यान आधुनिक वैद्यकाने या ‘क्षुद्र’ रोगाला गंभीरपणे घेतले होते. १९४८ मध्ये लेडर्ले कंपनीत ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक जगापुढे आले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच टेट्रासायक्लीन कुळातील डॉक्सिसायक्लीन आज मुरुमांवर दिले जाते. १९७१ मध्ये अमेरिकेत ट्रेटिनॉइन मलमाला मान्यता मिळाली आणि १९८२ मध्ये आयसोट्रेटिनॉइन या गोळीला.

या प्रगतीला एक काळी किनार आहे. ट्रेटिनॉइनशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या अल्बर्ट क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर वर्षानुवर्षे त्वचेचे प्रयोग केले. १९७४ मध्ये ते थांबले. स्वच्छ चेहऱ्याच्या इतिहासात त्या कैद्यांच्या पाठींवरचे व्रणही मोजावे लागतात.

२०/
हे ज्ञान दर्यापूरपर्यंत किती पोहोचले? १९४७ मध्ये नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या नावाचे महाविद्यालय १९८४ मध्ये आले, अकोल्यात शासकीय महाविद्यालय २००२ मध्ये. म्हणजे १९६० च्या आसपास दर्यापुरात वाढणाऱ्या मुलाला वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा तर नागपूरची वाट होती. मुरुमांसाठी ती वाट कोण धरणार? त्याच्या नातवाला अमरावती सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे.

२१/
अंतर कमी झाले, तरी मधली जागा रिकामी राहिली नाही. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइडयुक्त मलमे तेथे शिरली. चार दिवसांत लाली ओसरते, रंग उजळल्यासारखा वाटतो. मग त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, केस उगवतात आणि मुरूम पूर्वीपेक्षा जोराने येतात. मलम थांबवले की चेहरा भाजल्यासारखा होतो, म्हणून ते थांबवताही येत नाही.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली. त्यामागे त्वचारोगतज्ज्ञांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. खालपर्यंत त्याची अंमलबजावणी मात्र आजही दुकानदाराच्या सचोटीवर अवलंबून आहे.

२२/
‘वय आहे, आपोआप जाईल’ या उत्तराकडे आता परत येता येते. मुरूम बहुतेकांचे वयाबरोबर खरोखर ओसरतात. खड्डे ओसरत नाहीत. खोल, दुखऱ्या गाठी महिनोन् महिने राहिल्या किंवा नखाने फोडल्या की वण पडतो आणि तो भरून काढणे मूळ रोगापेक्षा अवघड व महाग असते. सूक्ष्म सुयांचे, आम्लाचे, लेझरचे उपचार खड्डा उथळ करतात, पूर्ण पुसत नाहीत. म्हणून या रोगात वेळेवर केलेला उपचार हाच व्रणावरचा खरा उपचार.

आयसोट्रेटिनॉइनसारखी गोळी तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊच नये. गर्भावस्थेत ती घेतल्यास बाळात गंभीर व्यंगे निर्माण होतात.

२३/
या इतिहासात एकच प्रश्न फिरून फिरून येतो : मुरूम हा रोग की सौंदर्याचा प्रश्न? सुश्रुताने त्याला रोग म्हटले, पण क्षुद्र. समाजाने देवीच्या सावलीत त्याच्याकडे पाहिले नाही. लग्नाचे वय वाढल्यावर पाहिले, पण सोयरिकीच्या नजरेने. बाजाराने त्याला गिऱ्हाईक मानले. न्यायालयाने त्याच्यावरच्या लेपाला औषध म्हटले, पण निमित्त कराचे होते.

ज्याच्या गालावर तो उठला आहे त्या पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला काय होते, हे त्या मोठ्या यादीत फारसे कोणी विचारले नाही.

२४/
रोग म्हटले की उपचाराचा हक्क मिळतो. सौंदर्याचा प्रश्न म्हटले की उरते ती खरेदी, आणि खरेदीसाठी पैसे मागताना खाली घातलेली मान. वर्गातल्या सामूहिक छायाचित्रात मागच्या रांगेत उभे राहणारी, ओढणी गालापर्यंत ओढणारी, सणाला पाहुण्यांसमोर न येणारी मुले-मुली ‘क्षुद्र’ या शब्दाने समजत नाहीत.

देवी हा कोप आहे, त्यावर उपाय नाही, असे मानणाऱ्या गावांनीच अखेर आपल्या मुलांचे दंड टोचणाऱ्यापुढे धरले आणि देवीचे वण दोन पिढ्यांत दिसेनासे झाले. मुरुमांसाठी तेवढ्या मोठ्या मोहिमेची गरज नाही. घरातल्या कोणीतरी ‘आपोआप जाईल’ म्हणण्याऐवजी एकदा अमरावतीची किंवा अकोल्याची एसटी धरली, तरी पुष्कळ होईल.

(समाप्त)